पूल, आगबोट आणि ब्रदर ज्युनिपरचे गणित

थॉर्नटन वाइल्डर या अमेरिकन लेखकाची 'द ब्रिज ऑफ सॅन लुई रे' ही छोटेखानी कादंबरी १९२७ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 'जयंती' व 'तुकाराम' या दोन आगबोटी वादळात बुडाल्या. पुढे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली व सहाशेहून अधिक जीव गेले. संतांची नावे धारण करणाऱ्या बोटी! (आपल्या वसईकडील मचव्यांवरही संतांची नावे असतात, नाव म्हणजे विमा नव्हे.) ही कादंबरी आम्ही वाचतो ती रेवसचा धक्का नजरेसमोर ठेवून.

पेरू देशात २० जुलै १७१४ रोजी एक झुलता पूल तुटतो आणि पाच माणसे दरीत कोसळतात. ब्रदर ज्युनिपर हा फ्रान्सिस्कन मठवासी ते पाहतो. हेच पाच का? परमेश्वराचा हेतू पुराव्यानिशी सिद्ध करावा म्हणून तो सहा वर्षे त्यांच्या आयुष्यांचा तपशील गोळा करतो. याच खटाटोपात एका गावच्या साथीत दगावलेल्या पंधरा व वाचलेल्या पंधरा जणांना तो सद्गुण, धर्माचरण व कुटुंबातील उपयुक्तता यांसाठी दहापैकी गुण देतो. बेरीज उलटीच येते : जगायला अधिक लायक होते ते मेलेलेच. शेवटी त्याचा ग्रंथ पाखंडी ठरतो. ग्रंथासह तोही जाळला जातो.

वाइल्डर त्याची टवाळी करीत नाही, हे मोठेपण. कारण हा ज्युनिपर आपल्या प्रत्येक धर्मग्रामात वावरत असतो. दुःखाच्या घरी जाऊन तो पूर्वजांची पापे शोधतो, चुकलेली मिस्सा मोजतो. 'रामदास'च्या वेळी आषाढातील अमावास्येला बोल लावणारे याच जातीचे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक अपराधी होते ही समजूत प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट नाकारली. पश्चात्तापाची हाक त्याने दिली खरी. पण ती ऐकणाऱ्या जिवंतांना होती, मृतांवरील निकाल नव्हता. ११ फेब्रुवारी १९८४ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनीही ईयोबाच्या आधारे हेच मांडले : प्रत्येक दुःख शिक्षा नसते.

मात्र कादंबरीविषयी आमची एक तक्रार आहे. तिच्यातील प्रौढ माणसे मरतात ती नेमकी नव्या आरंभाच्या उंबरठ्यावर. मार्केसाने लेकीला नुकतेच पहिले धीराचे पत्र लिहिलेले असते. जुळा भाऊ गमावलेला एस्तेबान नुकताच पुन्हा जगायला राजी झालेला असतो. म्हणजे ज्युनिपरला जी संगती सापडली नाही, ती लेखक मागच्या दाराने आत आणतो आणि मरणाला एक सुबक वेळ देतो. 'रामदास'वरील सहाशे जणांना अशी वेळ कोणी नेमून दिली नव्हती. कुणाचे भांडण अर्धे राहिले असेल, कुणाचे कर्ज.

दुसरी उणीव आम्हांला अधिक खटकते. तो पूल शंभराहून अधिक वर्षे जुना, वेताच्या फांद्यांनी विणलेला. त्याची तपासणी कोण करीत होते, हा प्रश्न ज्युनिपरच्या मनाला शिवत नाही. स्वर्गाकडे पाहताना दोरखंड नजरेआड झाला! 'रामदास' तर ऐन पावसाळ्यात निघाली होती. तिच्यावर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे ती बुडाल्याचे वर्तमान मुंबईला कित्येक तास कळलेच नाही. इथे 'देवाची इच्छा' म्हणणे म्हणजे माणसाच्या हलगर्जीपणाचे पाप देवाच्या खात्यावर लिहिणे होय, आणि हे आम्ही धर्मगुरू सर्वांत सहजपणे करीत असतो.

मठाध्यक्षा मदर मारिया देल पिलार हिच्या चिंतनाने कादंबरी संपते. ती कारण सांगत नाही. मागे राहिलेल्यांच्या प्रेमाविषयी बोलते. आम्हांला तो शेवट किंचित घाईचा वाटला. पण त्याआधी ती मृतांच्या आप्तांना मठात भेटते, त्यांचे ऐकून घेते, ती पाने कोणत्याही प्रवचनाहून सरस आहेत. आमच्या सेमिनरीत दुःखाच्या प्रश्नावर जाडजूड लॅटिन ग्रंथ होते. त्यांच्या जोडीला हे पुस्तक ठेवायला हरकत नव्हती, आजही नाही.