अस्थिरतेचे समर्थन आणि देखभालीचा प्रश्न

लिनक्सच्या कर्नलबरोबर जे दस्तऐवज वितरित होतात, त्यांत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा ‘दि लिनक्स कर्नल ड्रायव्हर इंटरफेस’ हा निबंध विशेष प्रसिद्ध आहे. उपकरण आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या ड्रायव्हरची देखभाल कोणी व कशी करावी, याविषयीचे लिनक्सचे धोरण त्यात निःसंदिग्धपणे मांडलेले आहे. त्यामुळे त्याचे परीक्षण करणे म्हणजे त्या धोरणाचेच परीक्षण करणे होय.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे : कर्नल आणि सामान्य प्रोग्राम यांच्यामधील करार स्थिर राहील, परंतु कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यामधील अंतर्गत करार स्थिर राहणार नाही, व राहूही नये. यूएसबी विभागाचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. या विभागाची अंतर्गत रचना किमान तीनदा नव्याने करावी लागली. जुनी रचनाही सांभाळण्याचे बंधन असते, तर तिचे दोष कायम राहिले असते आणि नवे लेखक नकळत तिचाच आश्रय घेत राहिले असते. यावर निबंध सुचवितो तो उपाय म्हणजे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट करणे. मग अंतर्गत करार जो बदलील, त्यानेच त्या ड्रायव्हरचीही दुरुस्ती करावयाची.

या युक्तिवादाचे बळ मान्य केलेच पाहिजे. 2017 मध्ये कर्नलमधील टायमरची जुनी पद्धत बदलली गेली, तेव्हा शेकडो ठिकाणचे फेरफार कॉक्सिनेल या साधनाच्या साहाय्याने पार पडले. मूळ लेखकांपैकी कित्येकांना त्यासाठी काही करावे लागले नाही. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. निबंधाचा सूर मात्र वाचकाचे मन वळविण्यापेक्षा त्याला निरुत्तर करण्याकडे अधिक झुकतो. ज्यांचे ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली नाहीत, त्यांना तर जळूची उपमा देऊन निरोप दिला आहे.

तथापि सुरापेक्षा गंभीर आक्षेप निबंधातील एका गृहीतकावर आहे. ड्रायव्हर नव्या कराराशी जुळला म्हणजे तो जिवंत राहिला, असे येथे सूचित होते. वस्तुतः कंपायलरने मान्य केलेला ड्रायव्हर आणि प्रत्यक्ष उपकरण चालविणारा ड्रायव्हर यांत अंतर आहे. पहिल्याची परीक्षा कोणत्याही संगणकावर होते. दुसऱ्याची परीक्षा ते उपकरण ज्याच्या टेबलावर आहे, त्यालाच घेता येते.

2019 मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरबाबत हेच प्रत्ययास आले. तो मुख्य कर्नलमध्ये होता. निबंधाच्या अटी तो पूर्ण करीत होता. परंतु त्याच्या मेंटेनरजवळ चालू स्थितीतील फ्लॉपी ड्राइव्ह उरला नव्हता, आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या ड्रायव्हरची नोंद ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, अशी केली. आभासी यंत्रांत फ्लॉपीची प्रतिकृती वापरात असल्यामुळे त्याला सहज निरोप देणेही शक्य नव्हते. त्याच वर्षी त्याला नवा मेंटेनर लाभला. पण तो धोरणाने मिळवून दिला नव्हता, एका व्यक्तीने जबाबदारी पत्करली म्हणून लाभला.

निबंधाला उत्तर त्याच कर्नलमधील ‘मेंटेनर्स’ नामक सूची देते. तीत प्रत्येक विभागापुढे त्याची स्थिती नोंदविलेली असते : कोणाची देखभाल चालू आहे, कोणाची केवळ प्रसंगोपात्त दुरुस्ती होते, कोण अनाथ आहे. कर्नलमध्ये असणे आणि सांभाळले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची ही कबुलीच होय.

सारांश, क्रोआ-हार्टमन यांचा सिद्धांत खोटा नाही. तो अपुरा आहे. ड्रायव्हर कोठे असावा याचे उत्तर तो देतो. त्याच्यापाशी कोण असावे, हा प्रश्न मात्र तो सुटला असे मानून पुढे जातो. बाहेर राहिलेला ड्रायव्हर लौकर मोडतो आणि त्याचे मोडणे दिसते. आत असलेला, परंतु उपकरणावर कोणीही न तपासलेला ड्रायव्हर न दिसता मोडू शकतो. देखभालीच्या दृष्टीने हा दुसरा प्रकारच अधिक चिंतेचा मानला पाहिजे.