हलशीचे ताम्रपट आणि आपले स्थळलेखन

सीमाभागातील मराठी स्मरणिका, दिवाळी अंक आणि संस्थांचे शताब्दी-ग्रंथ यांतून ‘आमचे प्राचीन गाव’ अशा मथळ्याचा एखादा लेख हटकून असतो. असे लेख आम्ही अनेक वर्षे आस्थेने वाचत आलो आहोत, आणि ते लिहिणाऱ्यांच्या तळमळीविषयी आमच्या मनात किंतु नाही. तथापि या लेखनाला आता एक ठरीव साचा आला आहे. प्रारंभी पांडव वनवासात गावी येऊन जातात. मग देऊळ एका रात्रीत उभे राहते आणि कोंबडा आरवल्यामुळे कळस तेवढा राहून जातो. मूर्ती नेहमीच ‘विलोभनीय’ आणि परिसर ‘निसर्गरम्य’ असतो. अखेरीस शासनाने या स्थळाचा पर्यटनाच्या दृष्टीने विकास करावा, अशी मागणी होऊन लेख संपतो. गावाचे नाव खोडून शेजारच्या गावाचे घातले, तरी एकही वाक्य बदलावे लागत नाही. स्थळलेखनात याहून मोठा दोष तो कोणता?

साधने नाहीत, मग लिहावे काय, अशी सबब यावर सांगितली जाते. पुष्कळ गावांच्या बाबतीत ती खरीही असेल. खानापूर तालुक्यातील हलशीच्या बाबतीत मात्र ती मुळीच टिकत नाही, आणि म्हणूनच आम्ही हे उदाहरण निवडले आहे.

आजचे हे लहानसे खेडे म्हणजे प्राचीन पलाशिका. वनवासीच्या कदंबांची ही इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील दुसरी राजधानी. गावाबाहेर नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नावाची लहान विहीर आहे. तिच्याजवळच्या मातीच्या उंचवट्यात १८६० च्या सुमारास ताम्रपट सापडले. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. पुढे १९३१ साली गोव्याचे जॉर्ज मोराइस यांनी ‘द कदंब कुल’ हा ग्रंथ लिहून त्या घराण्याची संगतवार मांडणी केली. म्हणजे ज्या काळात आपल्याकडील बहुतेक गावांचे नावही कोठे आढळत नाही, त्या काळचे हलशीचे लिखित दप्तर उपलब्ध आहे, आणि ते वाचून छापल्यालाही आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. आमच्या स्मरणिकांतील लेखांत त्याचा उल्लेख ‘येथे काही ताम्रपट मिळाले आहेत’ एवढ्या अर्ध्या वाक्यात उरकला जातो. त्या पटांत लिहिले आहे काय, हे जाणून घ्यावे असे लेखकांना वाटत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

ते काय आहे ते येथे थोडक्यात पाहू. सर्वांत जुना पट काकुस्थवर्म्याचा, तो युवराज असतानाचा. त्याने श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला खेटग्रामातील बदोवर नावाचे शेत दिले. स्वतःला तारल्याबद्दल हे बक्षीस दिले, असा अर्थ फ्लीट यांनी लावला आहे. पुढे त्याच्या वंशातील रविवर्म्याच्या पटात या श्रुतकीर्तीच्या घराण्याची हकीकत पुन्हा येते. श्रुतकीर्तीनंतर दामकीर्ती, दामकीर्तीचा थोरला मुलगा जयकीर्ती; गाव घराण्याकडे कसे आले, मध्यंतरी कोणाच्या नावे झाले, पुढे कोणाला दिले गेले, हे सारे तेथे नमूद आहे. वारसाची नोंद म्हणतात ती हीच. आमची उमेद सरकारी दप्तरात गेली, त्यामुळे राजाच्या बिरुदांपेक्षा या नोंदींपाशी आमचे लक्ष अधिक रेंगाळते, हे कबूल केले पाहिजे.

मृगेशवर्म्याचा पट तर स्थळलेखकाने पाठ करावा असा आहे. दिवंगत पित्यावरील भक्तीने त्याने पलाशिकेत जिनालय बांधविले आणि मातृसरित नदीपासून इंगिणीच्या संगमापर्यंतची तेहतीस निवर्तने जमीन यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या तीन जैन पंथांना दिली. जमिनीचे क्षेत्र आणि तिच्या दोन टोकांच्या खुणा आल्या. एवढ्यावर पट थांबत नाही. आज्ञा भोजक दामकीर्तीने पोहोचविली आणि आयुक्तक जियंत याने सर्व काम पार पाडले, हेही त्यात लिहिले आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या लहान अंमलदाराचे नाव तांब्यावर टिकले. आमच्या पाहण्यातील किती फलकांवर राबणाऱ्याचे नाव असते?

रविवर्म्याच्या पटात पराक्रमाची वाक्ये आहेत. विष्णुवर्म्याला मारून आणि कांचीच्या चंडदंडाला उखडून तो पलाशिकेत स्थिरावला, एवढे सांगून लेखक लगेच मूळ विषयाकडे वळतो. कार्तिकी पौर्णिमेला दरवर्षी आठ दिवसांचा जिनोत्सव व्हावा, त्याचा खर्च गावाच्या उत्पन्नातून चालावा, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यापनीय तपस्व्यांच्या अन्नाची सोय व्हावी. खानापूरचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या चार महिन्यांच्या तरतुदीचे महत्त्व निराळे सांगायला नको. रवीचा धाकटा भाऊ भानुवर्मा याच्या काळात पंडर नावाच्या भोजकाने दर पौर्णिमेच्या अभिषेकासाठी पंधरा निवर्तने दिली, ती कर्दमपटी येथील. कर्दम म्हणजे चिखल. शेताचे नावच जमिनीचा पोत सांगते.

हे लेखन वाङ्मय म्हणून कसे आहे? प्रशस्तीचा भाग संकेतबद्ध आहे. त्या काळच्या कोणत्याही राजसभेत तो असाच लिहिला गेला असता. जमीन हिरावणाऱ्याला साठ हजार वर्षे नरकवास घडेल ही शापवाणीही संकेताचीच. त्यात रमण्याचे कारण नाही. परंतु मधला भाग, जेथे शेत, संगम, उत्सव, अन्न आणि अंमलदार येतात, तेथे भाषा नेमकी आणि अल्पाक्षरी होते. आपल्या आधुनिक स्थळलेखनाने नेमका उलटा क्रम स्वीकारला आहे. प्रशस्ती वाढली आणि मधला भाग गळाला.

यातून एक गोष्ट विशेष खटकते. पलाशिकेच्या पटांत सर्वाधिक वावर आहे तो जैनांचा. गावात जैन बसदीची जुनी वास्तूही आहे. तरी आमच्या लेखांतून हलशी येते ती केवळ भूवराह-नरसिंहाच्या देवळामुळे. ते देऊळ महत्त्वाचे आहेच. समोरासमोर दोन गर्भगृहे असलेली त्याची रचना वेगळी आहे, आणि त्याचा लेखी पुरावाही आहे. गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त परमाडी याने कलियुगाच्या ४२७० व्या वर्षी, म्हणजे ११६९ साली, येथील नरसिंहास दान दिले. त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य याचे दान त्यानंतर दोन-तीन वर्षांत आले. कोकण नऊशे आणि पलसिगे बारा हजार या दोन प्रांतांवर ज्यांचे राज्य, त्यांच्या दृष्टीने घाटाखालचा गोवा आणि घाटमाथ्यावरची हलशी ही एकाच घराची ओटी आणि माजघर होती. पण या देवळाच्या आधी सहाशे-सातशे वर्षे गाव नांदत होते, आणि त्या गावाची धर्मव्यवस्था निराळी होती, हे वगळून लिहिलेला इतिहास अर्ध्यावरून सुरू झालेला असतो.

वगळण्यामागे केवळ आळस असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. १९५६ साली हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून आपल्याकडील प्रत्येक जुना दगड साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला जातो. तो आपल्या बाजूने बोलणार असेल तर त्याचे कौतुक, नसेल तर त्याच्याकडे पाठ. कदंब वनवासीचे, लिपी दाक्षिणात्य, मग त्यांच्याविषयी आपण कशाला लिहावे, असा विचार उघड बोलला जात नाही, पण लेखांच्या निवडीत तो दिसतो. दुसऱ्या बाजूचे अभिमानी लेखनही याच रोगाने ग्रस्त आहे. आम्ही दोन्ही भाषा वाचतो, म्हणून हे जबाबदारीने म्हणतो. हलशीच्या पटांची भाषा संस्कृत, लिपी आजच्या कन्नड लिपीच्या पूर्वजांपैकी, दान घेणारे जैन, आणि त्या भूमीवर आज नांगर धरणारा शेतकरी बहुधा मराठी बोलणारा. यातील कोणता धागा आपण ‘परका’ म्हणून काढून टाकणार? रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाची कर्नाटकातील पाळेमुळे उलगडून दाखविली. त्यामुळे पंढरीच्या वाटेवरचा एकही वारकरी माघारी फिरला नाही.

मराठीत चांगल्या पद्धतीचा आदर्श नाही असेही नाही. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३ चा ग्रंथ पाहावा. लेख कोठे आहे, त्याची स्थिती कशी आहे, वाचन काय, अर्थ काय, शंका कोठे आहेत, हे तेथे शिस्तीने येते. विशेषणांची खैरात नाही, आणि तरी वाचणाऱ्याला त्या शिळेपाशी उभे राहिल्यासारखे वाटते. स्मरणिकेच्या लेखकाने विद्वान व्हावे अशी आमची अपेक्षा नाही. पण इतरांनी कष्टाने वाचून ठेवलेले त्याने आपल्या गावकऱ्यांपर्यंत पोहोचवावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. पांडवांची कथाही अवश्य छापावी. ती गावाच्या श्रद्धेचा भाग आहे. मात्र ती कथा म्हणून छापावी आणि पटाचा मजकूर पट म्हणून.

आमची सूचना लहान आहे. खानापूर परिसरातील ज्या कोणा मंडळाची पुढील स्मरणिका निघेल, त्यांनी हलशीवर नवा लेख मागविण्याऐवजी एक ताम्रपट मूळ पाठ, देवनागरी लिप्यंतर आणि सोपा मराठी अर्थ यांसह छापावा. त्याच्या समोरच्या पानावर आजच्या हलशीतील शेतांची, ओढ्यांची व विहिरींची नावे द्यावीत. ती उताऱ्यांवर सगळी मिळणार नाहीत. गावातील वृद्ध शेतकऱ्यांकडून, आणि विशेषतः पाण्याला व सरपणाला हिंडलेल्या बायकांकडून, ती उतरवून घ्यावी लागतील. हे काम या पाच-दहा वर्षांतच होऊ शकेल. आरंभाला मृगेशवर्म्याचा तेहतीस निवर्तनांचा पट घ्यावा. तो लहान आहे, अर्थासह एका पानात मावेल.