‘दिवास्वप्ना’तील गोष्ट

लहान मुलांना गोष्टींच्या द्वारें शिकवावें, हें मत आतां सरकारी कागदांतसुद्धां मान्य झालें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ वर्षांच्या मुलांकरितां खेळ, गोष्टी, चित्रें आणि हस्तव्यवसाय यांची शिफारस केली. २०२३ सालीं केंद्र सरकारनें ‘जादुई पिटारा’ या नांवाची खेळणीं, बाहुल्या, कोडीं व गोष्टींचीं पुस्तकें यांनीं भरलेली पेटीही काढली. ज्या विचाराची एकेकाळीं शाळाशाळांतून थट्टा होत असे, तोच विचार वरून परिपत्रकाच्या रूपानें उतरूं लागला म्हणजे त्याचे मूळ ग्रंथ पुन्हां उघडून पाहणें इष्ट होतें. म्हणून या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही गिजुभाई बधेका यांचें ‘दिवास्वप्न’ दुसऱ्यांदा वाचलें. प्रथम वाचलें तेव्हां आम्ही नुकते अध्यापक झालों होतों व त्यांतील उत्साहानें भारून गेलों होतों. या खेपेस उत्साहापेक्षां एका प्रश्नाकडे आमचें लक्ष अधिक गेलें.

गिजुभाई (१८८५–१९३९) हे मूळचे वकील. १९१६ सालीं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत आले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर काढलें. त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणत. ‘दिवास्वप्न’ हें सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं त्यांनीं गुजराथींत लिहिलेलें लहानसें पुस्तक. विषय शिक्षणशास्त्राचा असला तरी तो प्रबंध नव्हे. ती एका शिक्षकानें प्रथमपुरुषीं सांगितलेली कल्पित कथा आहे. हा गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठीं एक वर्ग मागतो. त्याला प्राथमिक शाळेची चौथी इयत्ता मिळते, मुदत एका वर्षाची, आणि अखेरीस परीक्षा आहेच.

पहिल्या दिवसाचें वर्णन आम्हांस साऱ्या पुस्तकांत सर्वोत्तम वाटतें. मास्तर घरून सर्व योजना पाठ करून आलेले आहेत. माँटेसरी बाईंच्या पद्धतींतला शांततेचा खेळ प्रथम घ्यावयाचा, असा बेत. खिडक्या-दारें लावून घेतलीं जातात, मुलांना गप्प बसून बारीक आवाज ऐकण्यास सांगितलें जातें. आणि त्या अंधुक वर्गांत मुलें जो धिंगाणा घालतात त्यांत पुस्तकी विद्येचा एका तासांत निकाल लागतो. मास्तर मुलांना सुटी देऊन घरीं पाठवितात. आपल्या नायकाची अशी फजिती पहिल्याच प्रकरणांत करण्याचें धैर्य शिक्षणविषयक ग्रंथकारांत क्वचित् आढळतें. दुसऱ्या दिवशीं मास्तर गोष्ट सांगावयास बसतात. काल जीं मुलें आवरत नव्हतीं तींच आज जवळ सरकतात आणि शाळा सुटल्याची घंटा झाली तरी उठत नाहींत.

आतां आमचा प्रश्न. या ठिकाणीं गोष्ट काय काम करते? लेखक प्रामाणिक आहे, म्हणून तो लपवीत नाहीं : गोष्ट येथें मुलें वश करण्याचें साधन आहे. आधीं हजेरी, मग गोष्ट. गडबड झाली कीं गोष्ट थांबली. छडीच्या जागीं गोष्ट आली, एवढेंच. छडीपेक्षां गोष्ट बरी हें आम्हीही म्हणूं. परंतु ज्या गोष्टीकरितां मुलाला शिस्तीची किंमत मोजावी लागते ती अजून गोष्ट नव्हे, तो पगार होय. अनेक वाचक, आणि आमच्या पाहण्यांत आलेले अनेक शिक्षक, ‘दिवास्वप्न’ येथेंच मिटतात. गोष्ट सांगा, मुलें शांत बसतील, मग पाढे घ्या : एवढा गुरुमंत्र घेऊन ते बाहेर पडतात.

पुस्तक मात्र तेथें थांबत नाहीं. मास्तरांची गोष्ट दिवसेंदिवस लांबत जाते, सहकारी थट्टा करितात, ‘शिकवणार केव्हां?’ असें वरिष्ठ विचारतात. आणि इतक्यांत मुलांनाच गोष्टी वाचावयाच्या असतात. तेव्हां क्रमिक पुस्तकांवर होणारा खर्च एकत्र करून वर्गाचें वाचनालय निघतें. गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडून सुटून ऐकणाऱ्याच्या हातीं जाते तो हा क्षण. पुढें मुलें नाटकें करितात, तीं संवाद पाठ न करतां. ठाऊक असलेली गोष्ट आपल्या शब्दांत उभी करितात आणि कोणी चुकला तर दुसरा सांवरून घेतो. व्याकरण खेळांत येतें, इतिहास प्रथम कथारूपानें येतो. चित्रकलेबद्दल व फिरावयास जाण्याबद्दलही पुष्कळ मजकूर आहे. तो आज सर्वमान्य झाल्यामुळें थोडा शिळा वाटतो. नाटकांचा भाग मात्र शिळा होण्यासारखा नाहीं. पाठांतराशिवाय नाटक म्हणजे काय, हें आमच्या स्नेहसंमेलनांच्या व्यवस्थापकांना अद्याप समजावयाचें आहे.

एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. माँटेसरी बाईंना अगदीं लहान मुलांना परीकथा सांगणें पसंत नव्हतें. वास्तव सृष्टीची ओळख पक्की होण्यापूर्वीं कल्पित सृष्टि मुलाच्या गळीं उतरवूं नये असें त्यांचें म्हणणें. गिजुभाई त्यांचे अनुयायी, तरीही या बाबतींत त्यांनीं गुरूची आज्ञा मानली नाहीं. ‘वार्तानुं शास्त्र’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांनीं गोष्टीला शिक्षणांत मानाचें आसन दिलें. ज्या देशांत आजीच्या मांडीवर राक्षस, राजपुत्र आणि बोलणारे पोपट यांच्याशीं मुलाची ओळख शाळेआधींच झालेली असते, तेथें इटलींतला तो निर्बंध जसाच्या तसा लावणें त्यांना पटलें नाहीं. योग असा कीं १९३९ सालीं माँटेसरीबाई हिंदुस्थानांत आल्या, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें गिजुभाई निवर्तले होते.

आमच्या पुतण्याची मुलगी दुसरींत शिकते. मागील दिवाळींत ती आपली कार्यपुस्तिका घेऊन आमच्यापाशीं बसली होती. धडा काऊ-चिऊचा. काऊचें घर शेणाचें, चिऊचें मेणाचें; पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, काऊ चिऊच्या दाराशीं येतो आणि ती बाळाचीं कामें सांगत त्याला ताटकळत ठेवते. खालीं प्रश्न : घर कशाचें होतें, पाऊस आल्यावर काय झालें, गोष्टीवरून काय बोध घ्याल? तिनें तिन्ही उत्तरें बिनचूक लिहिलीं होतीं. मग आम्हांस विचारलें, “आजोबा, काऊ भिजत होता ना, मग चिऊनें दार लगेच कां नाहीं उघडलें?” पुस्तिकेंत या प्रश्नाला जागा नव्हती. तिच्या शिक्षिकेस आम्ही दोष देत नाहीं. तिलाही वरून आलेल्या रकाने भरावयाच्या असणार. परंतु गोष्टीनें आपलें काम केलें होतें तें या चौथ्या प्रश्नांत, आणि गुण होते पहिल्या तिहींना.

आम्हांला हें इतकें कां लागावें? गेलीं सत्तावीस वर्षें आम्ही कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. ‘किंग लिअर’चा पहिला अंक संपतो, कॉर्डेलियानें दोन गोड शब्द बोलावयास काय हरकत होती, असें कोणीतरी विचारील म्हणून आम्ही थांबतों, आणि मागच्या बांकावरून आवाज येतो, “सर, यांतला मुख्य विषय कोणता लिहावयाचा?” हीं मुलें मंद नाहींत. त्यांना कधीं काळीं चौथा प्रश्न पडत होता. तो विचारून कांहीं मिळत नाहीं हें तीं सातव्या वर्षीं शिकलीं. मुलांना गोष्टी न सांगितल्यामुळें हें घडलें असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांना गोष्टी पुष्कळ सांगितल्या गेल्या, पण प्रत्येक गोष्टीच्या शेपटीला एक वसुली-कारकून बांधलेला होता.

‘दिवास्वप्ना’चे दोष उघड आहेत. त्यांतील अधिकारी फारच समंजस आहे, आणि विरोधक केवळ विरोध करण्यापुरते आणलेले आहेत. वर्षाअखेर सारें इतकें गोड होतें कीं ग्रंथाचें नांवच त्याचें समर्थन म्हणून पुढें करावें लागतें. त्याहून मोठी उणीव ही कीं या मास्तरांना मुलें वर्गांत आयतीं बसलेलीं मिळालीं. भावनगरांत गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ सालीं बोर्डीस गेल्या आणि १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या, तेव्हां तें आयतें सुख संपलें. वारली मुलें शाळेंत येईनात, कारण त्यांच्याकडे गुरें राखावयाचीं होतीं. मग शाळाच कुरणांत गेली; तिचें नांवही कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागीं पानें, बिया, खडे, शिंपले आले. तेथें गोष्ट आमिष म्हणून चालण्यासारखी नव्हती. मुलाला कंटाळा आला तर तो गुरांमागें निघून जाई आणि त्याला अडविण्यास दार नव्हतें. ‘दिवास्वप्ना’चा दुसरा भाग कोणी लिहावयाचा तर त्याची सामग्री तेथें आहे.

तथापि पहिल्या भागाची गोडी त्यामुळें कमी होत नाहीं. प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेस बसणाऱ्या प्रत्येकानें निदान तीं पहिलीं दोन दिवसांचीं पानें वर्गांत मोठ्यानें वाचावीं. मात्र आमची एक विनंती आहे : त्यांच्या परीक्षकांनीं या पुस्तकावर दहा गुणांचा प्रश्न घालूं नये.