बुधभूषण आणि बखरींतील संभाजीराजे

छत्रपति संभाजीमहाराजांच्या बालपणाविषयीं दोन मतें रूढ आहेत. बखरींवर विसंबणारे म्हणतात, मुलगा उग्र आणि राज्यास अपात्र. अलीकडील गौरवकार म्हणतात, चवदाव्या वर्षीं ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा अलौकिक बालक. हीं दोन्ही मतें साधनांच्या कसोटीस लावून पाहणें अवश्य आहे.

प्रथम बखरी घेऊं. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस, राजाराममहाराजांच्या आश्रयानें लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणीस याची बखर त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं झाली. त्याचा पूर्वज बाळाजी आवजी यास संभाजीराजांनीं सन १६८१ त देहान्तशासन दिलें होतें. दि. ३ एप्रिल १६८० रोजीं शिवछत्रपति निवर्तल्यावर सोयराबाई व अण्णाजी दत्तो यांच्या पक्षानें दहा वर्षांच्या राजारामांस मंचकीं बसविलें. परंतु सोयराबाईंचे बंधु सेनापति हंबीरराव मोहिते हेच संभाजीराजांस मिळाले आणि तो बेत फसला. तात्पर्य, एक बखरकार या वारशाच्या तंट्यांतील प्रतिपक्षाच्या दरबारांतला, तर दुसरा त्याच तंट्यांत ज्याचें घर पोळलें त्याचा वंशज. त्यांनीं सर्व खोटेंच लिहिलें असें आम्ही म्हणत नाहीं. सन १६७८ त राजे दिलेरखानास जाऊन मिळाले, हें कोणासच नाकारतां यावयाचें नाहीं. परंतु एकविसाव्या वर्षाच्या अपराधाचा रंग नवव्या वर्षाच्या मुलास फांसणें हा न्याय नव्हे.

समकालीन कागद निराळेंच सांगतात. दि. १४ मे १६५७ चा जन्म. तो दोन वर्षांचा असतांनाच मातुःश्री सईबाई निवर्तल्या. सन १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें पंचहजारी मनसब या बालकाच्या नांवें ठरली. पुढल्याच वर्षीं, नऊ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच, तो पित्याबरोबर आग्र्यास पोंचला. सन १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं इंग्रज वकील ऑक्झिंडन यानें त्यास सिंहासनाखालील पायरीवर, पेशव्यासमवेत बसलेला पाहिला. ज्याची उपेक्षा व्हावी असा हा मुलगा दिसत नाहीं.

आतां बुधभूषण. प्रा. ह. दा. वेलणकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सन १९२६ त प्रसिद्ध केला. त्याचे अध्याय तीन. आरंभीं शहाजीराजे व शिवराय यांची प्रशस्ति, पुढें सुभाषितें. राजा, अमात्य, कोश, दुर्ग, सैन्य यांविषयींच्या राजनीतीस मोठी जागा दिली आहे. प्राचीनांचीं शास्त्रें निवडून त्यांतील अर्थ घेतला, हें ग्रंथकार स्वतःच सांगतो. अर्थात् हा मुख्यतः संग्रह होय. त्यांतील प्रत्येक श्लोक राजांच्या प्रतिभेचा मानणें म्हणजे ग्रंथ न वाचतां त्याची स्तुति करणें.

चवदाव्या वर्षाचीही तीच गत. चवदावें वर्ष म्हणजे सन १६७०-७१. परंतु ग्रंथारंभींच शिवरायांस ‘छत्रपति’ म्हटलें आहे. हें पद राज्याभिषेकानंतरचें धरल्यास ग्रंथरचना सन १६७४ च्या अलीकडे येते. तेव्हां कर्ता निदान सतरा वर्षांचा ठरतो.

यानें राजांची योग्यता उणावते काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. गृहकलह व स्वाऱ्या यांच्या धामधुमींत ज्या तरुणानें नीतिग्रंथ धुंडाळून, आपल्या राज्यास उपयोगी पडेल तें निवडून विषयवार लाविलें, त्याची खरी बुद्धि त्या निवडीत आहे. बखरकारांनीं ती पाहिली नाहीं. गौरवकारांनीं वयाच्या आंकड्याखालीं ती झांकून टाकिली. निंदकांच्या द्वेषास प्रशंसकांच्या दंतकथेनें उत्तर दिलें म्हणजे सत्य दोहोंकडून मारलें जातें.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, कोणाच्या दप्तरीं या ग्रंथाची पोथी असल्यास तिच्या शेवटच्या पानावरील शक, संवत्सर व लेखकाचें नांव प्रथम उतरून घ्यावें. या मुलाचा न्याय त्या दोन ओळींवरून होईल, तितका शंभर प्रशस्तींवरून व्हावयाचा नाहीं.