अनुदान-प्रस्तावातील पीडित : एक टिपण

अमेरिकेत १९८४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेला गुन्हेपीडित निधी करांतून नव्हे, तर मुख्यतः संघीय गुन्ह्यांतील दंडाच्या रकमांतून भरतो व राज्यांमार्फत स्वयंसेवी संस्थांपर्यंत पोहोचतो. त्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रस्तावांत एक दोष वारंवार आढळतो. 'गरजेचे निवेदन' यातनांच्या वर्णनाने ओथंबलेले असते. मात्र मध्यरात्री आलेला दूरध्वनी कोण उचलणार, साक्षीच्या दिवशी पीडितेसोबत न्यायालयात कोण बसणार, याविषयी प्रस्ताव मौन पाळतो. करुणा येथे युक्तिवादाची जागा घेते. स्वयंसेवकांचे तास संस्थेच्या २० टक्के हिश्श्यात काटेकोरपणे मोजले जातात. त्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. (अर्जातील रकानेही यास जबाबदार आहेत.) लाभार्थींच्या तक्त्यात शंभर जणींना माहितीपत्रक देणारी संस्था, दहा जणींना निकालापर्यंत साथ देणाऱ्या संस्थेपेक्षा सरस ठरते. हा प्रश्न केवळ लेखनशैलीचा नाही. निधीतून वितरणाची वार्षिक मर्यादा २०१८ मध्ये ४४० कोटी डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये ती सुमारे १३५ कोटींवर आली. अशा कपातीत कोणती सेवा प्रथम राखावयाची, याचे उत्तर केवळ यातना सांगणाऱ्या प्रस्तावातून मिळत नाही.