पडलेले घर आणि पाडलेले घर : ‘नो अदर लँड’ या माहितीपटाची समीक्षा

प्रस्तावना

मराठीत ‘घर पडले’ आणि ‘घर पाडले’ या दोन वाक्यांत एका कान्याचे अंतर आहे. पहिल्या वाक्यामागे पाऊस, वाळवी किंवा काळ असू शकतो. दुसऱ्या वाक्यामागे माणूस असतोच. शासकीय भाषेला मात्र तिसरे रूप अधिक प्रिय असते : ‘घर पाडण्यात आले’. या रूपात कृती शिल्लक राहते आणि कर्ता नाहीसा होतो. व्याप्त पॅलेस्टाइनमधील विस्थापनाचा प्रश्न समजून घेताना हा नाहीसा झालेला कर्ता शोधणे अगत्याचे ठरते. बासेल अद्रा, हमदान बल्लाल, युवाल अब्राहम आणि रेचेल सोर या दोन पॅलेस्टिनी व दोन इस्रायली दिग्दर्शकांचा ‘नो अदर लँड’ (२०२४) हा माहितीपट हाच शोध घेतो. २०२५ साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा शोध कोठे यशस्वी होतो आणि कोठे अपुरा राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम किनारा प्रदेशाच्या दक्षिण टोकास, हेब्रॉनच्या डोंगराळ भागात मसाफर यत्ता हा लहान लहान वस्त्यांचा समूह आहे. मेंढपाळी आणि कोरडवाहू शेती हे येथील उपजीविकेचे साधन असून डोंगरातील गुहांत राहण्याची येथे जुनी परंपरा आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी इस्रायली सैन्याने या भूमीचा मोठा भाग ‘गोळीबार क्षेत्र ९१८’ म्हणून घोषित केला. १९९९ साली सुमारे ७०० रहिवाशांना हाकलून देण्यात आले. पुढील वर्षी न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे ते परतले. दोन दशकांच्या न्यायालयीन लढ्यानंतर मे २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या याचिका फेटाळल्या आणि एक हजाराहून अधिक लोकांच्या निष्कासनाचा मार्ग मोकळा झाला. माहितीपटाचे चित्रीकरण प्रामुख्याने २०१९ ते २०२३ या काळातील आहे. म्हणजे निकालाची प्रतीक्षा, निकाल आणि निकालानंतरची पाडापाडी या तिन्ही अवस्था त्यात येतात.

दोन कॅमेरे

या खटल्यातील कळीचा प्रश्न असा होता की, क्षेत्र घोषित होण्यापूर्वी तेथे कोणी कायमस्वरूपी राहत होते काय? शासनाने पुराव्यादाखल विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे पुढे केली. त्यांत कायम वस्तीच्या खुणा दिसत नाहीत, असा त्यांचा अर्थ लावला गेला व न्यायालयाने तो मान्य केला. परंतु गुहा ही आकाशातून दिसणारी वस्तू नव्हे. तिला छप्पर असते ते डोंगराचेच. वरून पाहणाऱ्यास जो केवळ खडक वाटतो, त्याच्या पोटात चूल, अंथरूण आणि शेळ्यांचा गोठा असू शकतो.

माहितीपटाचा कॅमेरा नेमका याच्या विरुद्ध जागी उभा आहे. तो जमिनीवर आहे, बहुधा धावत असतो, कधी हातातून निसटतो. घर पाडल्यानंतर एक कुटुंब गुहेत राहावयास जाते, तेव्हा तोही त्यांच्यामागोमाग आत शिरतो. विजेचा जनित्रसंच जप्त होत असताना विरोध करणाऱ्या एका तरुणाला सैनिकाची गोळी लागते व त्याचे शरीर लुळे पडते. त्याच्या शुश्रूषेत गुंतलेली आई आपल्याला या गुहेतच दिसते. न्यायालयाने ज्या जागेला घर मानले नाही, तिचे घरपण यातून सिद्ध होते. प्रतिपक्षाच्या पुराव्याला दिलेले दृश्य प्रत्युत्तर, हे या कलाकृतीचे खरे सामर्थ्य होय.

सत्तेचे स्वरूप

सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग शाळेचे आहेत. गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने शाळा उभारली. दिवसा स्त्रियांनी काम केले, रात्री पुरुषांनी. ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर २००९ साली गावात काही मिनिटे फिरून गेले आणि ज्या रस्त्याने ते चालले, तेथील पाडकाम रद्द झाले. कायदा खरोखरच अटळ असता, तर एका पाहुण्याच्या पावलांनी तो थांबला नसता. पाडकाम हे नियमाचे नव्हे, तर मर्जीचे फलित आहे, हे येथे कोणत्याही भाष्यावाचून उमगते.

बासेल आणि युवाल यांच्या मैत्रीचे चित्रणही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. इस्रायली पत्रकार युवाल रात्री आपल्या घरी परत जाऊ शकतो. कायद्याची पदवी घेतलेला बासेल आपल्याच प्रदेशात मोकळेपणाने फिरू शकत नाही. अशा सहनिर्मितीमुळे विषम संबंध स्वाभाविक भासू लागतात, असा आक्षेप इस्रायलवर सांस्कृतिक बहिष्काराचा पुरस्कार करणाऱ्या पॅलेस्टिनी मोहिमेने २०२५ मध्ये घेतला. आक्षेप गंभीर आहे. तथापि माहितीपट ही विषमता झाकत नाही. लेखांचा परिणाम लवकर दिसावा म्हणून अधीर झालेल्या युवालला बासेल धीर धरावयास सांगतो, तेव्हा दोघांच्या काळाचे मापच वेगळे असल्याचे जाणवते. एकासाठी हे काही महिन्यांचे काम आहे, दुसऱ्यासाठी वडिलांकडून आलेला वारसा.

मर्यादा

असे असले तरी एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. माहितीपटात बुलडोझर ठळक दिसतो, कागद पुसट दिसतो. १९९५च्या दुसऱ्या ऑस्लो करारानुसार पश्चिम किनाऱ्याचा सुमारे ६० टक्के भाग ‘क’ क्षेत्रात मोडतो. तेथील नियोजन व बांधकाम परवाने इस्रायली लष्करी प्रशासनाच्या हाती आहेत. पॅलेस्टिनी अर्जदारांना परवाना मिळणे जवळजवळ अशक्य असते. प्रथम परवाना नाकारावयाचा आणि मग विनापरवाना बांधकाम म्हणून घर पाडावयाचे, अशी ही साखळी आहे. या साखळीचा उल्लेख निवेदनात येतो, पण ती दृश्यांतून उलगडत नाही. परिणामी, हा काही निर्दय सैनिकांचा अत्याचार आहे, असा प्रेक्षकाचा समज होण्याचा संभव राहतो. चेहरा असलेला कर्ता सापडतो. टेबलामागचा कर्ता निसटतो.

आंतरराष्ट्रीय कायद्याने मात्र हा दुसरा कर्ता ओळखला आहे. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९वे कलम व्याप्त प्रदेशातील जनतेच्या सक्तीच्या स्थलांतरास मनाई करते. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लादर्शक मतात पाडकामे व निष्कासने यांचाही विचार झाला असून परवान्याअभावी घरे पाडण्याचे धोरण भेदभावकारक ठरविण्यात आले आहे.

समारोप

माहितीपट पूर्ण झाला, त्याचा विषय संपला नाही. मार्च २०२५ मध्ये, ऑस्कर स्वीकारल्यानंतर महिनाही लोटला नसताना, हमदान बल्लाल यांच्यावर त्यांच्याच गावात हल्ला झाला व सैन्याने त्यांना ताब्यात घेतले. त्याच वर्षी जुलैमध्ये माहितीपटास साह्य करणारे शिक्षक औदा हथालीन उम्म अल-खैर या गावी गोळी लागून मृत्युमुखी पडले. कलाकृती घर वाचवू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर या घटनांनी नकारार्थी दिले आहे. तथापि ‘येथे कोणी राहतच नव्हते’ हे विधान यापुढे निर्धास्तपणे करता येणार नाही, एवढे कार्य या माहितीपटाने निश्चित केले आहे. निवाऱ्याच्या हक्काची पहिली पायरी म्हणजे त्या जागेला घर म्हणून मान्यता मिळणे होय. आणि ‘पाडण्यात आले’ या वाक्यातील रिकामी जागा भरणे, ही त्या मान्यतेची पूर्वअट आहे.