खडूच्या वर्तुळांतील मूल

ब्रेख्तच्या ज्या नाटकाला चिं. त्र्यं. खानोलकरांनीं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हें मराठी रूप दिलें, त्यांतील न्याय प्रेक्षकाला तत्काळ पटतो. मूल वर्तुळांत उभें करावयाचें, दोघींनीं दोन हात धरून ओढावयाचें. तें दुखावेल म्हणून जी हात सोडील ती आई. ही कसोटी जुनीच आहे. महोसधाच्या जातककथेंत ती येते. पण तेथें एक जन्मदात्री व दुसरी यक्षिणी. ब्रेख्तनें १९४४ सालीं जन्मदात्रीला हरवून पोसणाऱ्या दासीला मूल दिलें. रक्तापेक्षां मुलाचें हित मोठें, हें त्याचें म्हणणें. आपल्याकडील १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेंही मुलाचें कल्याणच सर्वोपरि मानलें.

तरीही विभक्त पतिपत्नींच्या वादाला ही कसोटी पुरत नाहीं. तेथें दोघेही खरे असतात. हात सोडणाऱ्याची माया न दिसतां उदासीनता दिसण्याचा संभव. म्हणून दोघेही ओढीत राहतात. १८९० चा पालक व पाल्य कायदा समजत्या मुलाची इच्छा विचारांत घेऊं देतो. नाटकांत मात्र मुलाला कोणीच विचारीत नाहीं.

शिवाय नाटकांतील खटला निकालाबरोबर संपतो. घरांतील वर्तुळ दर सुटींत, दर सणाला पुन्हां आखलें जातें. तेथें हात सोडून चालत नाहीं. दोघांनींही ओढ सैल करावी लागते. ब्रेख्तच्या मुलाला अखेर एकच घर मिळालें. दोन घरांच्या मुलाचा प्रश्न त्या वर्तुळाबाहेरच राहतो.

नाशिक रोड